एकाच कन्सोलसाठी काढलेल्या खेळावर किती खर्च करायचा, हे कंपन्या कसे ठरवतात?

धरमपेठकर:
माझ्या धाकट्या भावाने २०२३ च्या दिवाळीत केवळ ‘स्पायडर-मॅन २’ हा सोनीचा खेळ खेळायचा म्हणून सोनीचेच प्लेस्टेशन ५ हे कन्सोल, म्हणजे खेळांचे यंत्र, घेतले (तेव्हा तो खेळ फक्त त्यावरच चालत असे), आठ दिवसांत खेळ संपवला आणि डिस्क सीताबर्डीच्या एका दुकानात देऊन त्याबदल्यात दुसरी जुनी डिस्क आणली. या अदलाबदलीत सोनीला एक रुपयाही मिळाला नाही. मग गिऱ्हाईक आपणच कमी करून घेणाऱ्या अशा खेळांवर एवढा खर्च कोणत्या हिशेबाने मंजूर होतो?

रामदासपेठचा खेळगडी:
डिस्क गेली, पण यंत्र आपल्या घरी राहिले, यातच उत्तर आहे. दुसऱ्या कंपनीचा खेळ सोनीच्या ऑनलाइन दुकानातून विकला गेला की साधारण ३० टक्के वाटा सोनी ठेवते. ६० डॉलरच्या खेळामागे १८ डॉलर धरले, तर असे दहा खेळ घेणारा माणूस १८० डॉलर देऊन जातो. ऑनलाइन खेळण्याची वर्गणी वेगळीच. त्यामुळे खेळाच्या किती प्रती खपतील एवढेच पाहून भागत नाही, तर तो किती नवी माणसे यंत्राकडे आणील आणि किती जुनी टिकवील, हेही धरावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या यंत्रामागे १०० ते २०० डॉलर पदरचे घालतो, असे एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ मध्ये सांगितले होते, तेही याच भरवशावर.

सदरवासी:
हा हिशेब पटतो, पण आता तो पुरत नाही, असे मला ठामपणे वाटते. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या २०२३ च्या खटल्यात सोनीने मार्करने झाकलेले आकडे स्कॅन केलेल्या कागदांवर वाचता आले आणि ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या सोनीच्या खेळाचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे उघड झाले. प्रत्येक प्रतीचे पूर्ण ६० डॉलर हाती आले, तरी तेवढे भरून निघायला जवळपास ३७ लाख प्रती खपाव्या लागतात. दुकानदाराचा वाटा आणि सवलती वजा केल्या तर त्याहूनही अधिक. म्हणून आधी यंत्रावर आणि मग संगणकावर, असा क्रम सोनीने अनेक खेळांबाबत धरला. आपल्या भावाचा खेळही जानेवारी २०२५ मध्ये संगणकावर आला; ज्याला धीर नव्हता, त्याने तोवर यंत्र घेतलेले होते.

धरमपेठकर:
दोघांचेही मनापासून आभार. भावाला विचारले, तेव्हा कळले की त्याने त्यानंतर ऑनलाइन दुकानातून इतर कंपन्यांचे सहा खेळ घेतले आहेत.