मदत हवी आहे: रात्री कानाने शोधायचा जिओकॅश कसा रचावा?

धागाकर्ती: चांदणवाट

नमस्कार मंडळी,

जिओकॅश शोधायचा नाद जुना, लपवायचाही. आता एक खास रात्रीचा कॅश रचायला घेतलाय आणि अडले आहे.

रात्रीचे कॅश बहुतेक एकाच साच्यातले असतात. झाडांवर चमकणाऱ्या टाचण्या, टॉर्च मारायचा, एक चमकली की तिकडे जायचं, मग पुढची. मजा येते, नाही असं नाही. पण त्यात अंधाराला काम काय, तर टाचणी उठून दिसावी एवढंच. मला अंधाराला जरा जास्त राबवायचंय. दिसत नाही म्हणून माणूस थांबेल, ऐकेल आणि कानाच्या भरवशावर डब्यापर्यंत पोचेल, असं काहीतरी हवंय. मोबाईल शक्यतो खिशात.

जागा झाडीची आहे, पायवाट चांगली आहे, रात्री जायला हरकत नाही, मालकांची लेखी परवानगी मिळाली आहे. लगत घरं नाहीत. सध्याचा आराखडा असा:

पहिल्या ठिकाणी बंद डबा. त्याला चुंबक टेकवलं की मोर्समध्ये (लांब-आखूड आवाजांच्या सांकेतिक लिपीत) आकडे वाजतात, त्यातून दुसरं ठिकाण कळतं. दुसऱ्या ठिकाणी खांबाला कमी-जास्त लांबीच्या नळ्या, त्या फुंकून पट्टी ओळखायची, त्यातून तिसरं ठिकाण. आणि शेवटी खरा डबा, जो स्वतःच बीप-बीप करत राहील आणि लोक त्या आवाजामागे जातील.

अडचण मुख्यतः शेवटच्या टप्प्याची आहे. छोटा पिझो बझर (बीप करणारी चकती) लावून पाहिला. ऐकू छान येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही! मैत्रिणींना अंधारात उभं केलं तर प्रत्येकीचं बोट वेगळ्या दिशेला. दुसरं म्हणजे पहिल्या डब्यात डीएफप्लेअर मिनी (आवाज वाजवणारं छोटं सर्किट) लावलाय, तो वाजो न वाजो, सेल आठवडाभरही टिकत नाहीत. शिवाय पाऊस, आणि रात्रीच्या जिवांना त्रास नको हेही आहेच.

ज्यांनी असं काही केलंय किंवा ज्यांना आवाजाचं कळतं त्यांनी कृपया सांगा.

नवखा_७: विषयाबाहेरचं विचारतो, रागावू नका. जिओकॅश म्हणजे काय?

चांदणवाट: रागवायचं काय त्यात! कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, बाकीचे जीपीएसने शोधून आतल्या वहीत नाव लिहितात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मेला, ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. तेव्हापासून जगभर चालू आहे.

कर्णपिशाच्च: बझरची दिशा न कळणं हा कानांचा दोष नाही, बझरचाच आहे.

आपण दिशा दोन प्रकारे ओळखतो. खालच्या पट्टीत, साधारण १५०० हर्ट्झच्या आत, आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर पोचतो त्या फरकावरून. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाएवढा असतो, तरी मेंदूला पुरतो. वरच्या पट्टीत डोकं आडवं येतं, पलीकडच्या कानाला आवाज कमी ऐकू येतो, त्यावरून. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे दीड ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास, एकही रीत धड चालत नाही. आणि छोटे पिझो बझर सर्वांत मोठ्याने वाजतात ते दोन ते चार हजारांत. त्यात स्वर एकच, शुद्ध, सपाट. रातकिडा कानाशी ओरडत असून सापडत नाही, त्यातलाच प्रकार.

तुम्हाला हवा आहे तो आवाज असा: सुरुवात एकदम धारदार आणि आत सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या. लाकडावर टिचकी, दगडावर दगड, टाळी. मागे येणाऱ्या ट्रकच्या बीप-बीपऐवजी हल्ली काही ठिकाणी खरखरीत ‘खश्श-खश्श’ आवाज लावतात, तोही याचसाठी, दिशा चटकन कळते म्हणून. धारदार सुरुवातीचा आणखी एक फायदा आहे. झाडांवरून, कातळावरून प्रतिध्वनी आले तरी मेंदू सर्वांत आधी पोचलेल्या आवाजाचीच दिशा धरतो. लांबट स्वरात ती पहिली कड सापडत नाही.

पुढून की मागून हा घोळ मात्र टकटक असली तरी राहतो. त्यावर उपाय एकच, मान वळवायची. कॅशच्या वर्णनात लिहा: ‘उभे राहा, मान हळूहळू फिरवा.’

आणि चाचणी दिवसा करू नका. रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, आणि आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा खाली वळतो. दुपारी जिथे काहीच ऐकू आलं नाही तिथे रात्री स्पष्ट ऐकू येतं. वाऱ्याच्या रात्री पुन्हा वेगळं.

सोल्डरगन: सेलचं गणित सोपं आहे. डीएफप्लेअर नुसता बसून सुमारे २० मिलिअँपिअर पितो. दिवसाला ४८० मिलिअँपिअर-तास. एए सेलची कुवत २००० ते २५००, म्हणजे पाच दिवस. गाणं वाजवल्यामुळे नाही, गप्प बसल्यामुळे सेल संपतायत.

दोन मार्ग. एक, प्लेअरचा वीजपुरवठाच तोडायचा: चुंबकाने चालू होणारा रीड स्विच आणि एक मॉस्फेट (वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), चुंबक नाही तर वीज शून्य. दोन, प्लेअर फेकून द्या. तुम्हाला टकटकच हवी असेल तर स्पीकर कशाला? छोटा पाच व्होल्टचा सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ढकलणारी तारेची गुंडाळी) घ्या, त्याचा दांडा डब्याच्या आतल्या बाजूला ठोका मारेल. एका ठोक्याला समजा १ अँपिअर, सेकंदाच्या विसाव्या भागापुरता. हिशेब करा, ०.०१४ मिलिअँपिअर-तास. २००० च्या सेलमध्ये कागदावर लाखावर ठोके बसतात. प्रत्यक्षात कमी मिळतील, तरी खूप झाले.

पावसाचाही प्रश्न सुटतो. स्पीकरला भोक लागतं, सोलेनॉइडला लागत नाही. डबा पूर्ण बंद ठेवा, भिंतच वाजते. आत लाकडाची पट्टी चिकटवलीत तर आवाज गोड येईल.

चांदणवाट: कर्णपिशाच्च, सोल्डरगन, मनापासून आभार. भोक नाही हे तर फारच आवडलं.

पण गाडी एका जागी अडते. शेवटचा डबा वाजायला लागणार कधी? चुंबक टेकवायला माणूस डब्याजवळ आला तर आवाजाची गरजच संपली. चाळीस पावलांवरून वाजवायचा कसा?

टाळ्याची_किल्ली: टाळी वाजवली की उत्तर देईल असं करा! मायक्रोफोन लावून.

सोल्डरगन: मायक्रोफोनला सतत जागं राहावं लागतं, म्हणजे पुन्हा सेल. आणि तो ढगांच्या गडगडाटाला, कुत्र्याला, तुटलेल्या फांदीलाही उत्तर देईल. रेडिओने चालू करायचं तरी डब्यातला रेडिओ ऐकत बसलेला हवा. तीच रड.

घड्याळ लावा. डीएस३२३१ नावाची चिप मिळते, तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला एखादं मिनिट. ती ठरल्या वेळी मायक्रोकंट्रोलरला (सर्किट चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला) उठवेल, वीस ठोके पडतील, पुन्हा झोप. संध्याकाळी सात ते अकरा, दर पंधरा मिनिटांनी. ठोके दिवसाला साडेतीनशेच्या आत, पाच मिलिअँपिअर-तासाहून कमी. चार एए सेल एकामागे एक जोडलेत तर वर्ष निघायला हवं. थंडी कडक असेल तर अल्कलाइनऐवजी लिथियम एए वापरा.

कर्णपिशाच्च: हे झकास आहे! म्हणजे लोकांनी ठरल्या जागी सव्वा, साडे, पावणे अशा ठोक्याला हजर राहायचं. ठोका चुकला तर पंधरा मिनिटं अंधारात गप्प बसा. मला विचाराल तर या कॅशचा जीव त्या पंधरा मिनिटांत आहे, बाकीचे टप्पे कमी केलेत तरी चालेल.

वीस ठोके सलग मात्र नकोत. पाच, मग थोडी उसंत, पुन्हा पाच. उसंतीत माणूस चार पावलं टाकतो आणि पुढच्या पाचात दिशा सुधारतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरून चाळीस मीटरवर गेलात की १८ डेसिबल गेले. म्हणून ऐकण्याची जागा आणि डबा यांत तीस-चाळीस मीटरच ठेवा. झाडीखाली मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे करतोच, तिथे कानच सरस ठरतील.

नळ्यांबद्दल. एक तोंड बंद असलेल्या नळीचा स्वर लांबीवरून काढता येतो: ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. ३४३ मीटर प्रतिसेकंद धरले तर ४४० हर्ट्झसाठी साडेएकोणीस सेंटीमीटर. पण हा वेग २० अंश सेल्सिअसचा. शून्याला तो ३३१ होतो, म्हणजे उन्हाळ्यात जुळवलेली नळी थंडीत पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त उतरते. पट्टी ओळखायला लावू नका, कुठली उंच आणि कुठली खाली एवढंच विचारा. तो क्रम हवामान बदललं तरी टिकतो, आणि सुराशी ज्याचं वाकडं आहे त्यालाही जमतो.

पाऊलवाट: आणि कृपा करून फुंकायला लावू नका. उघड्यावरच्या नळीत कोळी असतो, गोगलगाय असते, आधीच्या माणसाची थुंकी असते. रबरी चपटी पट्टी बांधून ठेवा, तोंडावर थापटलं की तोच स्वर येतो.

रिव्ह्युअरच्या (प्रकाशित होण्याआधी कॅश तपासणाऱ्याच्या) नजरेतून काही गोष्टी. अंधारात ठोके देणारा, तारा असलेला डबा कुणा अनोळखी माणसाला सापडला तर तो पोलिसांनाच फोन करेल. पारदर्शक डबा घ्या, वर ठळक ‘जिओकॅश, धोका नाही’ आणि कॅशचा क्रमांक. परवानगी देणाऱ्यांना आतल्या सर्किटचा फोटोही पाठवा. वर्णनात वेळ स्पष्ट हवी आणि ‘चोवीस तास उपलब्ध नाही’, ‘टॉर्च लागेल’, ‘रात्रीचा कॅश’ ही चिन्हं लावा. जमिनीत पुरू नका, झाडाला खिळा नको, पट्टा चालेल.

१६१ मीटरचा नियम दुसऱ्या कॅशपासूनच्या अंतराचा आहे. तुमच्याच टप्प्यांना एकमेकांपासून तेवढं लांब ठेवायची सक्ती नाही, त्यामुळे शेवटचे टप्पे जवळ ठेवता येतील.

पक्ष्यांचे आवाज, विशेषतः घुबडाचे, वाजवायचा मोह झाला तर आवरा. खरं घुबड त्याला उत्तर द्यायला येतं, आपली हद्द राखायला धडपडतं आणि शिकार बुडवतं. ठोके चालतील, पण विणीच्या दिवसांत कॅश तात्पुरता बंद ठेवा.

घुबडनजर: वरचा परिच्छेद माझ्यासाठीच असावा. :)

मोर्सबद्दल बोलते. दहातले नऊ जण फोनवर रेकॉर्ड करून ॲपकडून सोडवून घेतील, आणि तुम्हाला तर फोन खिशात हवाय. ठोकेच मोजायला लावा. जवळच्या जवळ जायचं असेल तर अंश आणि मिनिटं बदलत नाहीत, मिनिटांनंतरचे तीन-तीन आकडे पुरतात. सहा आकडे, तेवढेच ठोक्यांचे गट. शून्य कसा ठोकणार, तर ठोकूच नका. ज्या जागेच्या आकड्यांत शून्य नाही अशी जागा निवडा. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर, चार पावलं सरकलं की आकडा बदलतो.

आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचं काय? पहिल्या डब्यात सोलेनॉइड असेल तर तळहात ठेवूनही ठोके मोजता येतात, तसं वर्णनात लिहाच. शेवटच्या डब्यात ठोक्याबरोबर मिणमिणता एलईडी ठेवता येईल, फक्त ऐकण्याच्या जागेकडून दिसेल असा आडोशात. उलट, दृष्टी नसलेल्यांसाठी शेवटचा टप्पा इतर कुठल्याही कॅशपेक्षा सोपा असेल, फक्त वाट तेवढी सुरक्षित हवी.

चांदणवाट: एलईडीचं डोक्यातच आलं नव्हतं. घेते.

तर आता असं ठरतंय. मोर्स गेलं, बीप गेलं. पहिला डबा चुंबकाने ठोके देतो, शून्य नसलेले सहा आकडे. दुसरीकडे थापटायच्या पाच नळ्या, उंच-खाली क्रमावरून ऐकण्याच्या जागेचे आकडे. तिथे बसून घड्याळाच्या ठोक्याची वाट पाहायची. चुंबक लोकांनी स्वतः आणायचं, तिथे ठेवलं तर पहिल्याच महिन्यात नाहीसं होईल.

दोन प्रश्न उरलेत. रोज ठरल्या वेळी टकटक झाली तर येणारा-जाणारा कुणी मगल (जिओकॅशिंग माहीत नसलेला माणूस) कुतूहलाने डबा शोधून काढेल का? आणि चार एए सेलवर सोलेनॉइड ओढला की मायक्रोकंट्रोलर मधेच रीसेट होतोय, त्याला काय करू?

सोल्डरगन: रीसेट व्होल्टेज बसल्यामुळे. सोलेनॉइडच्या पुरवठ्याला मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) लावा, हजार मायक्रोफॅरडपासून सुरुवात करा. कंट्रोलरचा पुरवठा डायोडमागे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागामागे) वेगळा ठेवून त्याला स्वतःचा छोटा कपॅसिटर द्या. आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांना उलटा डायोड आहे ना? नसेल तर आजच लावा, नाहीतर मॉस्फेट जाईल.

पाऊलवाट: मगलसाठी: घड्याळ चिपला वारही कळतो. फक्त शुक्रवार ते रविवार वाजवा, सेलही वाचतील. पायवाटेवरून ऐकू येणार नाही इतका आवाज उतरवा, ऐकण्याची जागा वाटेपासून आत असू द्या. प्रकाशित करण्याआधी ज्याने हा धागा वाचलेला नाही अशा कुणाला तरी पाठवा आणि तुम्ही स्वतः सोबत जाऊ नका. नाहीतर तुम्ही नकळत डब्याकडे बघाल आणि त्याला डबा ‘ऐकू’ येईल.

नवखा_७: मी धागा वाचलाय, पण आकडे माहीत नाहीत. चालेल का?

चांदणवाट: चालेल की! चुंबक घेऊन या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.