उत्तर: पेरोना-मलिकमध्ये ठिपके का उरतात
पेरोना-मलिक म्हणजे कडा जपून प्रतिमा फेऱ्याफेऱ्यांनी गुळगुळीत करणारा (डिफ्यूजन करणारा) अल्गोरिदम. त्याबद्दल विचारलेले प्रश्न दोन आहेत: टाइम स्टेप (एका फेरीत किती बदल करायचा ते) ०.५ केली की चित्र फाटतं, आणि कडा शाबूत राहिल्या तरी सुटे पांढरे ठिपकेही तसेच राहतात.

पहिल्याचं उत्तर सोपं. पिक्सेलचे चार शेजारी घेऊन आधीच्या फेरीवरून पुढची किंमत थेट काढणाऱ्या (एक्सप्लिसिट) स्कीममध्ये स्टेप ०.२५च्या वर नेऊ नका. ०.२ ठेवा, फेऱ्या वाढवा.

आता ठिपके. ठिपक्याचा ग्रेडियंट (शेजारच्या पिक्सेलशी असलेला फरक) 'के'पेक्षा, म्हणजे कड मानायच्या उंबरठ्यापेक्षा, मोठा, म्हणून अल्गोरिदम त्यालाही कडच समजतो. 'के' वाढवलात तर खऱ्या कडाही विरघळतील. त्यापेक्षा ग्रेडियंट मोजण्यापुरती प्रतिमा सिग्मा (पसारा) १च्या गॉसियन ब्लरने गुळगुळीत करा. डिफ्यूजन मात्र मूळ प्रतिमेवरच. नुसते काळे-पांढरे ठिपकेच असतील तर एवढा खटाटोप कशाला, आधी ३×३ मीडियन फिल्टर (पिक्सेलला शेजाऱ्यांमधली मधली किंमत देणारा) फिरवा.

पुढे हळुवार छटांमध्ये पायऱ्या दिसतील. कारण असं: कुठे किती डिफ्यूजन होऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या १/(१+(ग्रेडियंट/के)²) या फंक्शनमध्ये ग्रेडियंटने 'के' ओलांडला की फ्लक्स (पिक्सेलमधला प्रवाह) घटतो आणि डिफ्यूजन उलटं चालतं. त्याऐवजी वापरतात त्या घातांकी फंक्शनमध्ये, e^(−(ग्रेडियंट/के)²) मध्ये, हे के/√२ पासूनच सुरू होतं, त्यामुळे एकाचा 'के' दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नका.

आणि हो, प्रतिमा ०-१ फ्लोटमध्ये (दशांश किमतींत) असून 'के' १५ दिलात तर ग्रेडियंट त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून सगळीकडे साधा ब्लरच मिळेल.