विंदालूत बटाटा? आता बास!

म्हापसेकर: काल एकाने इथे लिहिलं, "विंदालू म्हणजे आलू घातलेली जहाल करी, लंडनला खाल्ली तीच खरी." डोकंच फिरलं. अरे त्यातला 'आलू' बटाटा नव्हे, लसूण! पोर्तुगीज 'कार्न द विन्या दाल्युश', वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतला, इथे वाइन रोज कुठून आणणार, मग माडाच्या सुरेचं विनागर (व्हिनेगर) आलं, पुढे मिरची आली. आमच्या शेजारची आंटी नाताळच्या दोन दिवस आधी डुक्कर मुरवायला घालायची आणि शिळं झालं की अजून भारी लागायचं. जीभ भाजायची नाही हो, आंबट चव यायची.

लेस्टरवाली: म्हणजे तुम्ही वाइन काढून विनागर घातलंत तर संस्कृती, आणि इथे इंग्लंडात बटाटा पडला की बाटलं? इथले करी हाऊसवाले बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे, मुसलमान, ते डुक्कर कशाला शिजवतील, म्हणून चिकन नाहीतर लॅम्ब. आणि गिऱ्हाइकाला कोर्मा, मद्रास, विंदालू अशी तिखटाची शिडी पाहिजे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर नाताळात मूळ पदार्थ अजून करतात, त्यांनी तुमचा लाल मसाला बघितला तर?

म्हापसेकर: वाइन मिळेना म्हणून बदलणं ही गरज. नाव कळेना म्हणून बटाटा टाकणं हा गाढवपणा.

पेठेतला: बटाट्याचा एवढा राग, मग एकादशीला काय खाता? बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं अमेरिकेतून आलेलं. ज्ञानोबांनी साबुदाण्याची खिचडी बघितलीसुद्धा नसणार. आणि हळद, जी इथलीच, ती उपासाला चालत नाही!!

सोलापूरची लेक: खिचडीवरून आठवलं, हल्ली फोटोत सगळे वर कोथिंबीर भुरभुरवतात. उपासाला कोथिंबीर??

पेठेतला: आमच्याकडे चालते. जिरंही चालतं.

सोलापूरची लेक: मग पोळी-भाजीच खा ना, उपास कशाला?

वसईकर: पुण्यात माडाचं विनागर कुठे मिळेल? सिंथेटिक नकोय.

पेठेतला: माझी आजी ८१ वर्षांची आहे, जन्मभर कोथिंबीर घालून एकादश्या केल्या, तिचं पुण्य तुम्ही मोजणार का?

सोलापूरची लेक: आजीवर जाऊ नका, मी तुमच्याबद्दल बोलतेय. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच चतुर्थीला कोथिंबीर घातलेलं ताट समोर आलं, गुपचूप केळं खाऊन झोपले. कुणी विचारलंही नाही.

म्हापसेकर: अहो विंदालू!!!

लेस्टरवाली: 😂 आज बटाटा घालूनच करते.

म्हापसेकर: करा. सिल्हेटवाल्यांचा डुकरापुरता नाइलाज होता, एवढं मान्य. बटाट्याला माफी नाही.

पेठेतला: कोथिंबीर म्हणजे पाला, धने म्हणजे मसाला, पाला चालतो. विषय संपला.

सोलापूरची लेक: संपला कसा? मग मेथी का नाही चालत?