मदत हवी आहे: हळदीवर १० मिनिटं बोलायचंय, भाषण १७ मिनिटांचं होतंय

नमस्कार मंडळी,

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे, १४ वर्षं झाली. येत्या शनिवारी एका कॉलेजात बी. कॉम.च्या मुलांसमोर 'सांगलीची हळद' या विषयावर बोलायला बोलावलंय. १० मिनिटं भाषण, मग मुलांचे प्रश्न.

लिहायला बसलो तर आठ पानं झाली. लागवड, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, सौदा कसा निघतो, राजापुरी हळद, २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीतली कोठारं), निर्यात, सगळंच आलंय. काल बायकोसमोर वाचून दाखवलं, मोबाईलवर वेळ लावून. १७ मिनिटं. सहाव्या मिनिटाला ती कुकर बघायला उठली ती परत आलीच नाही.

त्यात वाचून दाखवण्याची मला धास्ती आहे. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात कागद घेऊन उभा राहिलो, वर पंखा फुल्ल. पानं उडाली, गोळा करून पुन्हा सुरू केलं तर तिसऱ्यानंतर थेट पाचवं पान. लोक हसले ते हसले, मला स्वतःला कळेना काय बोलतोय. पाठ करायला गेलो तर एक वाक्य विसरलं की गाडी रुळावरून खाली.

काय गाळू, काय ठेवू? आणि बघून बोलू की पाठ करू?

— यार्डातला दिवाणजी

खडूफळा:
दिवाणजी, तुमच्याकडं आठ भाषणांचा माल आहे आणि तुम्ही तो एकाच पोत्यात कोंबताय. अकरावी-बारावीला २६ वर्षं शिकवलंय, त्यावरून सांगतो: पोरांना १० मिनिटांत एक गोष्ट नीट कळते, फार तर दीड.

लागवड त्यांना पुस्तकात मिळेल. मानांकनाला एक वाक्य पुरे. तुमच्या यादीत पेवं सोडून दुसरं काही इतकं आपलं नाही. सगळं भाषण एका प्रश्नावर उभं करा: जमिनीत पुरलेली हळद कुजत का नाही? उत्तर देताना बाकीचं हवं तेवढं आपोआप येतं. हळद नीट वाळलेली का लागते, हे सांगताना शिजवणं-वाळवणं आलंच. मग व्यापारी ती महिनोन् महिने का ठेवायचा, तर भाव बघून काढायला. इथं कॉमर्सची पोरं जागी होतील.

आणि शेवटी 'शेतकऱ्याला न्याय मिळालाच पाहिजे' वगैरे नको. तुम्ही माहिती द्यायला चाललाय, मतं मागायला नाही.

संगमावरची:
माहेर हरिपूर. आजोबांच्या वेळी पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील दोरीनं खाली सोडायचे. विझला तर आत हवा वाईट, थांबायचं. सुरुवात तिथनंच करा ना! 'नमस्कार, आज मी आपल्याला माहिती देणार आहे' म्हणाल तर पोरं तिथंच मोबाईल काढतील.

कंदील का विझतो यातच सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तोंड लिंपून बंद केलं की आतला प्राणवायू संपत जातो, मग किडे जगत नाहीत. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेही सांगा, नाहीतर पोरं विचारतील, आता गोदामं कशाला?

खडूफळा:
वा ताई, सुरुवात मिळाली!
बघून की पाठ, याचं उत्तर: दोन्ही नको. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक तेवढं पाठ. मधलं पोस्टकार्डाएवढ्या जाड चिठ्ठीवर, ठळक अक्षरात, नुसते शब्द: कंदील, लिंपण, किडे, भाव, पूर. जाड कागद पंख्यानं उडत नाही. सराव उभं राहून, मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलं तर वेळ हमखास कमी भरते. घरी साडेआठ मिनिटांत बसवा, तिथं दम घ्यायला आणि हशाला वेळ जातोच.

आकडा सांगाल तर हातात धरता येईल असा. 'उतारा वीस टक्के' नको. 'पाच पोती ओली हळद शिजवून वाळवली की वजनाला एका पोत्याएवढी उरते' म्हणा.

यार्डातला दिवाणजी:
सर, ताई, लय उपकार. काल रात्री चिठ्ठीवर सहा शब्द लिहून बोललो. ९ मिनिटं १० सेकंद. बायको शेवटपर्यंत बसली, वर विचारलं, 'मग कंदील विझला तर किती वेळ थांबायचं?' म्हणजे प्रश्न पण आला!

एक आणखी डोक्यात आलंय. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की खणकन आवाज येतो, आत गर्द केशरी. दुकानात आम्ही माल असाच बघतो. पोरांसमोर माईकजवळ मोडून दाखवू का? पण एका हातात चिठ्ठी, मोडायला दोन हात, मग माईक कुठं धरू?

संगमावरची:
दाखवाच. स्टँडचा माईक आधीच सांगून ठेवा. मागच्या बाकांसाठी वेगळी चार-पाच हळकुंडं न्या, पण ती भाषण संपल्यावर फिरवा. आधी दिलीत तर पोरं हळकुंडं मोडत बसतील आणि तुमच्याकडं कुणी बघणार नाही. आणि पांढरा शर्ट नको.