परदेशात हॉटेल की कुणाचं घर? आईला घेऊन जाताना काय कराल?

काटोलची_लेक (नागपूर):
नोव्हेंबरात ताई, भाऊजी आणि आई जपानला निघालेत. काल रात्री जेवताना वाद पेटला. माझं म्हणणं, सात रात्रींपैकी दोन तरी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी काढा. भाऊजी म्हणाले, "पैसे मोजायचे आणि वर संकोचात राहायचं, कशाला?" आईही त्यांच्याच बाजूची. म्हणून इथे विचारतेय.

माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात, मिकान पिकवणाऱ्या एका कुटुंबाकडे तीन रात्री राहिले. मिकान आपल्या संत्र्याच्याच गोतातलं, साल सैल, बी जवळजवळ नाहीच. आमची काटोलला बाग आहे, फळ तोडणं मी जन्मापासून बघतेय. तरी पहिल्याच सकाळी त्या घरच्या आजींनी माझा हात धरून थांबवलं. तिथे एका फळाला दोनदा कात्री लागते. आधी देठ जरा लांब ठेवून फळ झाडावरून उतरवायचं, मग उरलेला देठ अगदी सालीलगत कापायचा. का, तर देठाचं टोक क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतं आणि तिथून सड सुरू होते. आजींना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी टोचलेलं एक फळ उचलून माझ्या बोटाला त्याची जखम लावून दाखवली. तेवढं पुरलं.

आपल्याकडे बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली की फळ कसं तुटतं, ओढून की कापून, याच्याशी आपला संबंध संपतो. मी परत आल्यावर बाबांनी घरच्यासाठी आणि ओळखीच्यांसाठी जी चाळीसेक झाडं राखतो, तिथे कात्री सुरू केली. समुद्राकडे उतरणारे ते डोंगर, दगडी बांध, क्रेट खाली आणणारी एका रुळावरची गाडी, हे सगळं रस्त्यावरूनही दिसलं असतं. आजींचा हात हॉटेलात मिळाला नसता.

महालकर:
ताई, तुमचं कौतुक आहे, पण तुम्ही तेव्हा एकट्या होत्या आणि गुडघे शाबूत होते. आईंचं काय? तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटईवर, अंथरूण, जेवायला खाली बसणं, सगळ्यांना मिळून एकच न्हाणीघर. बाहेर अंग धुऊन मग टबात उतरायचं आणि पाणी सोडायचं नाही, कारण त्याच पाण्यात घरचे बाकीचे बसणार. आमच्या आईला हे जन्मात जमलं नसतं.

दुसरं, जेवण. भाजी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मिसो सूपचं मूळ पाणी, त्याला दाशी म्हणतात, ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाचं असतं. हॉटेलात नको म्हणून बाजूला सारता येतं, खोलीत बसून घरची दशमी खाता येते. घरी ती बाई पहाटे उठून तुमच्यासाठी रांधते. तिच्यासमोर वाटी परत सारायची? मला ते पाप वाटतं. मी हॉटेलच घेईन.

काटोलची_लेक:
दाशीचं बरोबर आहे. मी महिनाभर आधी कळवलं होतं, त्यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची दाशी केली. न सांगता गेलं तर मात्र दोघांनाही त्रास, हे मान्य.

एकटी_प्रवासी:
कडीबद्दल कुणीच बोललं नाही. जुन्या जपानी घरातल्या खोल्यांना सरकती दारं असतात, आतून लावायची सोय बहुतेकदा नसतेच. यजमान कितीही सज्जन असोत, अनोळखी घरात कडी नसलेल्या खोलीत मला झोप लागत नाही. याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. मीही हॉटेलच्या बाजूने.

प्रवासी_काका:
कामाचं तेवढं सांगतो. जपानच्या व्हिसाला रोज कुठे राहणार त्याचा पत्ता द्यावा लागतो, तेव्हा घर आधीच पक्कं करा. जून 2018 पासून तिथे राहत्या घरात पाहुणे ठेवायचा वेगळा कायदा आहे. त्याखाली नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो आणि वर्षाला 180 दिवसच पाहुणे ठेवता येतात. घराचा क्रमांक किंवा परवाना विचारा, न सांगणाऱ्याकडे जाऊ नका. पैशांचा व्यवहारच नको असेल तर सर्वास नावाची संस्था आहे, प्रवाशांना सभासदांच्या घरी फुकट राहू देणारी. 1949 साली डेन्मार्कमध्ये सुरू झाली, आधी मुलाखत घेते.

इंदोऱ्याचा:
मी घराच्या बाजूचा. कारण वेगळं आहे. याच नागपुरात भाड्याची खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारतात. दोनदा तर खोली दाखवून झाल्यावर "आत्ताच दिली जी" म्हणाले. जपानमध्ये चार रात्री एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहिलो. त्यांनी चहा आवडतो का विचारलं, थंडी वाजते का विचारलं. बस. परक्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदा निवांत झोपलो तो तिथे.

म्हणून ताईंना एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही त्या आजींच्या घरी राहिलात. तुमच्या काटोलच्या घरी कोण राहतं?

महालकर:
हा विषय वेगळा आहे.

इंदोऱ्याचा:
मला तोच वाटतो. दुसऱ्याचं दार उघडं मिळावं म्हणणाऱ्यांनी स्वतःचं सांगावं.

प्रवासी_काका:
नियमाचं सांगून ठेवतो. परदेशी पाहुणा घरी ठेवला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. आपल्याच माणसाला ठेवायला कसलाच फॉर्म लागत नाही.

काटोलची_लेक:
रात्रभर विचार केला. खरं उत्तर: नातेवाईक आणि बाबांचे मित्र, दुसरं कुणी नाही. माझ्या आजीच्या वेळी मजुरांना पाणी वेगळ्या गडव्यातून देत, ते मी पाहिलंय. आज तसं नाही, पण ओसरीच्या आत कुणाला बोलावलंय असंही नाही. बाबांशी बोलले. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली की इंदोऱ्याचे दादा, घरच्यांना घेऊन मुक्कामाला या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

आईचं म्हणाल तर, कडीचं आणि गुडघ्याचं मला पटलं, दोन रात्रींचा हट्ट सोडला. एक रात्र, तीही दाराला कडी, पलंग आणि बसायला खुर्ची असेल तरच. त्या घरी तसं लिहून विचारलंय. आई अजून हो म्हणालेली नाही.

इंदोऱ्याचा:
व्यनि मिळाला. आईला विचारून कळवतो.