बिलात न दिसणारा खर्च

हवेच्या प्रदूषणाचा खर्च किती, अशी चर्चा चालली की बहुतेक जण तो खर्च म्हणजे दवाखान्याची बिलं, एवढंच धरतात. सिंगापूरचं बघा. २१ जून २०१३ ला धुरामुळे तिथला प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला, दुकानांतले एन-९५ मास्क संपले. अशा धुरात उघड्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कोण जेवायला बसणार? गाळेवाल्याचा त्या दिवसाचा धंदा बुडाला तो बुडालाच. २०१५ मध्ये तर शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वर्षीच्या नुकसानीचा अंदाज सुमारे ७० कोटी सिंगापूर डॉलर होता. आणि धूर येतो कुठून? इंडोनेशियातल्या सुमात्रा-कालीमंतानमधल्या पाम तेलासाठी, कागदाच्या लगद्यासाठी पेटवलेल्या दलदलीच्या जमिनींतून. सिंगापूरच्या २०१४ च्या कायद्याने असा धूर करणाऱ्या परदेशातल्या कंपन्यांनाही दिवसाला १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंड करता येतो. मला तो फारच किरकोळ वाटतो.