पहिल्या कॅम्परव्हॅन सहलीसाठी मुक्कामाची जागा कशी निवडावी?

घोडबंदरवासी (ठाणे)

नमस्कार. डिसेंबरच्या मध्यावर शुक्रवार ते रविवार अशा दोन रात्रींसाठी आम्ही प्रथमच कॅम्परव्हॅन भाड्याने घेत आहोत. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली असून तीत चार जणांची झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर, एसी आणि प्रसाधनगृह आहे. गाडीसोबत चालकही येणार आहे. आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई असे प्रवासी आहोत. आईला गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे रात्री उठावे लागले तर तिला अंधारात फार चालावे लागू नये, ही माझी मुख्य काळजी आहे.

काशीद-मुरूडचा किनारा, पवना धरणाचा परिसर आणि भंडारदरा अशा तीन जागा मनात आहेत. छायाचित्रे पाहिली तर तिन्ही सुंदर दिसतात, परंतु गाडी रात्रभर उभी करून तिच्यातच राहायचे म्हटल्यावर कोणत्या गोष्टी आधी पाहाव्यात, याचा अंदाज येत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेरूळकर

नमस्कार. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: पहिल्या सहलीला जागा दृश्यासाठी न निवडता जमीन, वीज, पाणी आणि माणसांचा शेजार या चार गोष्टींसाठी निवडावी. आपल्याकडे कॅम्परव्हॅनसाठी खास बांधलेले तळ अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. राज्य सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्यात वीज, पाणी व सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या पार्कची कल्पना मांडली आहे, पण प्रत्यक्षात आज आपल्यासारख्यांना एखाद्या रिसॉर्टचे आवार, कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीच्यांची वाडी यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून फोनवर "कॅम्परव्हॅन चालेल का" एवढेच विचारू नये, कारण त्याचे उत्तर सहसा "या की, जागा भरपूर आहे" असेच येते.

जमिनीबद्दल विचारताना मुरूम टाकलेली किंवा फरसबंदीची सपाट जागा आहे का, असे नेमके विचारावे. गाडी किंचित जरी कलती असली तरी रात्रभर झोप लागत नाही. कापणी झालेले भाताचे खाचर दुपारी सपाट आणि घट्ट वाटते, पण खाली ओल असते, आणि एवढ्या वजनाची गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली की चाके हळूहळू रुततात. फाटकाची रुंदी, आवारात गाडी वळवायला मिळणारी जागा आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारेची उंची हेही विचारावे. उंच छपराच्या ट्रॅव्हलरला मोटारीपेक्षा पुष्कळ जास्त उंची लागते आणि छतावर एसी किंवा सौर पॅनेल असेल तर ती आणखी वाढते. गाडीमालकाकडून हा आकडा लिहूनच घ्यावा.

विजेबाबत बहुतेकांची फसगत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. घरगुती छोट्या प्लगमधून 5 अँपिअर वीज मिळते, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1150 वॅट. एसी सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बराच जास्त भार पडतो, आणि पाणी तापवायची किटली तर एकटीच 1500 वॅट घेते. म्हणून 15 किंवा 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला मोठा प्लग गाडीपर्यंत पोहोचतो का, हे विचारावे. वायर तांब्याची, किमान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची असावी आणि वापरताना तिचे वेटोळे पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. बॅटरीवर एसी रात्रभर चालेल असे कोणी सांगितले तर हिशोब करून पाहावा: 12 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत 2400 वॅट-तास ऊर्जा असते, तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी, आणि 900 वॅटचा एसी ती सव्वा तासाच्या आसपास संपवतो.

प्रसाधनगृहाची टाकी कोठे रिकामी करायची, हे ठरवल्याशिवाय निघू नये. ती ओढ्यात, शेतात किंवा उघड्या गटारात ओतणे सर्वथा चुकीचे आहे. मालकाच्या परवानगीने ती त्यांच्या शौचालयात रिकामी करता येते, परंतु टाकीत फॉर्मल्डिहाइड असलेले रसायन वापरले असेल तर त्याने सेप्टिक टँकमधील उपयुक्त जिवाणू मरतात आणि यजमानाचे नुकसान होते; म्हणून सौम्य जैविक द्रावण वापरावे. आपल्या आईंचा विचार करता मी तर म्हणेन की गाडी उभी करण्याच्या जागेलगतच त्याच आवारातली एक खोलीही घ्यावी. गाडीतले प्रसाधनगृह अरुंद असते आणि आत चढायची पायरी गुडघ्यांना उंच पडते.

आणखी एक गोष्ट बहुतेकजण विसरतात, ती म्हणजे चालकदादांची झोप. गाडीत चार जणांची सोय आहे आणि ते चारही जण तुम्हीच आहात. चालकाने पुढच्या आसनावर अवघडून रात्र काढावी आणि सकाळी तुम्हाला घाटातून सुखरूप उतरवावे, ही अपेक्षा माणुसकीलाही धरून नाही आणि सुरक्षिततेलाही नाही. त्यांच्यासाठी अंथरूण-पांघरुणाची आणि आंघोळीची सोय असेल अशीच जागा घ्यावी.

खारघर_रेवदंडा

माझे गाव रेवदंड्याजवळ असल्यामुळे फक्त किनाऱ्याबद्दल लिहिते. काशीद, नागाव, आक्षी या भागात पुळणीवर किंवा सुरूच्या बनात गाडी लावण्याचा मोह प्रत्येक पाहुण्याला होतो. कृपया तसे करू नये. सुरूच्या सुया पसरलेली जमीन वरून टणक दिसते, पण खाली भुसभुशीत वाळूच असते. वाळूत गाडी रुतली आणि भरती चढू लागली तर गावकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि दोरखंडदेखील प्रत्येक वेळी वेळेत पोहोचतातच असे नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते, हे शहरातून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

वाड्यांमधली घरगुती निवासस्थाने फार छान आहेत, पण तिथे जाणाऱ्या गल्ल्या दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमुळे इतक्या अरुंद झाल्या आहेत की समोरून रिक्षा आली तरी एकाला मागे जावे लागते. नारळाच्या झाडाखाली तर गाडी मुळीच उभी करू नये. नारळ काय किंवा वाळलेली झावळी काय, छतावरच्या पॅनेलला दोन्ही सारख्याच घातक आहेत. किनाऱ्यावरच जायचे ठरले तर मुख्य रस्त्यालगतचे, मोठे अंगण असलेले ठिकाण पाहा आणि पुळणीवर पायी जा.

ऐरोली_सेक्टर

पवना परिसर शनिवारी रात्री टाळावा, एवढेच सुचवतो. तिथले बहुतेक तळ तंबूंसाठी आखलेले आहेत, पाण्याकडे उतरणारे कच्चे रस्ते तीव्र उताराचे आहेत, आणि सुट्टीच्या रात्री शेजारच्या तळांवरचे ध्वनिक्षेपक उशिरापर्यंत चालू राहतात. ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना हा त्रास कशाला घ्यावा?

घोडबंदरवासी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. चालकांच्या झोपेचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता; आज गाडीमालकांशी त्याबद्दल बोललो. घरी चर्चा करून भंडारदऱ्याकडे कल झाला आहे. कसारा घाट टाळता येईल का, थंडी किती असेल आणि दुसरी रात्र इगतपुरीला काढावी का, हे कोणी सांगू शकेल का?

नेरूळकर

निवड योग्य वाटते. ठाण्याहून भिवंडी बायपासने आमण्याला जाऊन समृद्धी महामार्ग धरावा. आमणे ते इगतपुरी हा त्याचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला असून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची चढण वाचते. मात्र या महामार्गावर कडेला गाडी थांबवता येत नाही, त्यामुळे चहा, नाश्ता आणि प्रसाधनगृह हे सारे आधीच उरकून घ्यावे. इगतपुरीला उतरल्यावर घोटी आणि तिथून बारीमार्गे भंडारदऱ्याचे शेंडी गाव असा सरळ रस्ता आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे चारपर्यंत पोहोचेल अशा बेताने निघावे. जमिनीचा उतार, तारा आणि प्लग या गोष्टी उजेडातच नीट पाहता येतात.

मुक्काम शेंडी गावात किंवा गावालगतच्या एखाद्या रिसॉर्टच्या आवारात करावा. पर्यटन महामंडळाचे रिसॉर्टही जलाशयाकाठीच आहे, परंतु उभ्या गाडीत झोपण्याची परवानगी आणि विजेची जोडणी याबद्दल आरक्षण करतानाच विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखी मागून घ्यावे. जलाशयाभोवतीचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा रस्त्याकडेला किंवा पाण्याकाठी मोकळी जागा दिसली म्हणून तिथे रात्र काढू नये.

थंडीत पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो. एसीची गरज पडणार नाही, त्यामुळे विजेचा प्रश्न आपोआप हलका होतो, पण पांघरुणे भरपूर न्यावीत. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल बंद गाडीत पेटती ठेवून कदापि झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. स्वयंपाक करतानाही खिडकी उघडी असावी. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, म्हणून गाडीच्या तळालगतचे झरोके चादरी-पिशव्यांनी झाकले गेलेले नाहीत ना, हे झोपण्यापूर्वी वाकून पाहावे.

दुसऱ्या रात्रीसाठी जागा बदलू नये, असे मला वाटते. गाडी सपाट करणे, वायर जोडणे, पाणी भरणे यांत पहिल्या संध्याकाळी तास-दीड तास सहज जातो आणि तेच काम पुन्हा करण्यात सुट्टीचा अर्धा दिवस खर्ची पडतो. शनिवारी गाडी जागेवरच राहू द्यावी आणि गावातून जीप ठरवून रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण पाहावे. जलाशयाभोवतीचा वळणावळणाचा रस्ता जीपला सोपा जातो आणि चालकदादांनाही तेवढीच विश्रांती मिळते.

खारघर_रेवदंडा

एक छोटी भर घालते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी ताब्यात मिळत असेल तर आईंना तिच्या पायरीवरून दोनदा चढ-उतार करायला सांगा. पायरी उंच वाटली तर खाली ठेवायला रुंद बुडाचे, न घसरणारे लाकडी स्टूल ठाण्यातच विकत घ्या.